आज कोण आलं नाही?

मुंबईत धोबी तलावाला, मेट्रो सिनेमाच्या समोर, जेर महल नावाची जुनी इमारत आहे. खाली कयानीचं इराणी हॉटेल आणि वर गोव्यातल्या गावांच्या नावाच्या पाट्या. एकेका पाटीमागे त्या त्या गावाची ‘कूड’ असते. कूड म्हणजे कोकणीत खोली. जहाजावर नोकरी धरायला आलेला तारवटी असो, हॉटेलात लागलेला आचारी असो की बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा, माणूस आपल्या गावचा असला की त्याला इथे अगदी थोड्या पैशांत जागा मिळे. जागा म्हणजे भिंतीलगत एक पेटी ठेवण्यापुरती आणि रात्री अंथरूण पसरण्यापुरती. एके काळी मुंबईत अशा शेकडो कुडी होत्या. नियम कडक. बायकांना राहायला मनाई, आणि संध्याकाळी गावच्या संताच्या मूर्तीसमोर होणाऱ्या ‘तेर्सा’ला, म्हणजे रोझरीला, हजेरी सक्तीची.

ही सक्ती आज जाचक वाटेल. पण तिचा एक परिणाम असा की रोज ठरलेल्या वेळी, कोणी मुद्दाम न मोजताही, सगळ्यांची मोजदाद होई. अमक्याची जागा रिकामी का? जहाज मिळालं? ताप आला? दारूच्या गुत्त्यावर बसलाय? उत्तर काहीही असो, प्रश्न पडणारं कोणीतरी होतं.

एकटेपणावर सध्या जगभर जे बोललं जातं, त्यात नेमकी हीच गोष्ट सापडत नाही. ब्रिटनने जानेवारी २०१८मध्ये एकटेपणाचं खातं एका मंत्र्याकडे सोपवलं. जपानने २०२१मध्ये तेच केलं. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३मध्ये एकटेपणाला साथीच्या रोगांच्या पंक्तीत बसवणारं निवेदन काढलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. आकडे गंभीर आहेत. उपाय म्हणून मात्र बहुधा ॲप, उद्यानं, छंदवर्ग आणि जनजागृती सुचवली जाते.

ख्रिस्ती परंपरा या प्रश्नाशी दोन हजार वर्षं झटते आहे. तिचं म्हणणं काय, तिने काय करून पाहिलं आणि ती कुठे तोंडावर आपटली, हे तपासण्यासाठी ख्रिस्ती असायची गरज नाही.

सुरुवात अर्थातच उत्पत्तीच्या पुस्तकापासून. पहिल्या अध्यायात देव एकेक गोष्ट निर्माण करतो आणि ती चांगली असल्याचा शेरा पुन्हा पुन्हा येतो. बायबलमध्ये ‘बरं नाही’ हा शेरा पहिल्यांदा येतो तो दुसऱ्या अध्यायात, माणसाच्या एकटं असण्याबद्दल. यात ध्यानात घेण्यासारखं हे की अजून पाप घडलेलं नाही, साप यायचा आहे, आणि आदामाच्या सोबतीला खुद्द देव आहे. तरीही काहीतरी कमी आहे, असं देवच म्हणतो. ‘देव असताना माणसं कशाला?’ असं विचारणाऱ्या भाविकाला त्याच्याच धर्मग्रंथाने दिलेलं हे उत्तर आहे, आणि प्रवचनांतून ते फार कमी वेळा ऐकू येतं.

प्रवचनांतून जे ऐकू येतं ते म्हणजे या कमतरतेवरचा इलाज लग्न. पुढची कथा आदाम-हव्वेची असल्याने हा अर्थ सोपा पडतो. पण बायबलमधली सोबतीची सर्वांत जिवंत उदाहरणं नवरा-बायकोची नाहीतच. विधवा सून रूथ आपला मुलूख सोडून विधवा सासू नामीच्या मागे जाते. राजपुत्र योनाथान बापाचा रोष पत्करून दावीदाला जपतो. संदेष्टा एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपतो, तेव्हा त्याला उपदेश मिळत नाही. आधी भाकर, पाणी आणि झोप मिळते. मग, तू समजतोस तसा एकटा नाहीस, तुझ्यासारखे सात हजार आहेत, ही माहिती मिळते. शेवटी अलीशा नावाचा हाडामांसाचा जोडीदार मिळतो. आजच्या एखाद्या समुपदेशकानेही हाच क्रम लावला असता.

येशू आणि पौल दोघेही अविवाहित. येशूने शिष्यांना गावोगावी पाठवलं ते जोडीजोडीने. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने तिघा मित्रांकडे मागितलं ते एवढंच, की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. शुभवर्तमानाने हे लपवलेलं नाही. देवाचा पुत्र म्हणून ज्याची उपासना होते त्याला मित्रांच्या जागं राहण्याची गरज वाटली आणि ती पुरी झाली नाही, हे ख्रिस्ती धर्माच्या गाभ्यात बसलेलं दृश्य आहे. सोबतीची गरज ही दुबळ्या श्रद्धेची खूण नाही, यासाठी याहून मोठा दाखला ख्रिस्ती माणसाला मिळणार नाही.

मराठी ख्रिस्ती लोकांच्या वापरात या विषयाचा एक सुंदर शब्द आहे. ग्रीक ‘एक्लेसिया’साठी मराठी बायबलमध्ये ‘मंडळी’ हा शब्द आला आणि प्रॉटेस्टंट घरांत तोच रुळला. मंडळी म्हणजे जमलेली माणसं, लग्नघरची पाहुणे मंडळी, जेवायला बसलेली मंडळी, आणि जुन्या मराठीत संकोचाने केलेला बायकोचा उल्लेखसुद्धा. इमारत या शब्दात कुठेच नाही. वसईकडे ख्रिस्ती माणूस चर्चला सहज ‘देऊळ’ म्हणतो, तोही गोड शब्द आहे. पण ‘मंडळी’त जी गर्दी, ऊब आणि थोडी कटकट आहे ती देवळात नाही.

वसईचाच आणखी एक शब्द. तिथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोम्पाद्रे’वरून आल्याचं सांगितलं जातं. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातावर घेणारा धर्मपिता आणि मुलाचा जन्मदाता बाप, यांचं आपसातलं नातं म्हणजे कोम्पाद्रे. रक्ताचं नव्हे, पण आयुष्यभराचं. एका अख्ख्या समाजाचं नाव अशा जोडलेल्या नात्यावरून पडावं, यात त्या समाजाच्या धार्मिक इतिहासाइतकंच त्याचं सामाजिक शहाणपणही दिसतं.

आता या परंपरेतला जुना वाद. सोबत इतकी महत्त्वाची, तर ख्रिस्ती साधू वाळवंटात का गेले? तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तमध्ये संत अँथनी एका पडक्या किल्ल्यात सुमारे वीस वर्षं एकटा राहिला. त्याच्या कीर्तीने शेकडो लोक वाळवंटात गेले आणि त्यातल्या काहींच्या डोक्यावर परिणाम झाल्याच्या कहाण्याही मागे राहिल्या. इसवी सन ३२०च्या सुमारास पाखोमियस नावाच्या माजी सैनिकाने नाईलच्या काठी एकत्र राहणाऱ्या साधूंचा मठ काढला. काम, जेवण आणि प्रार्थना सगळ्यांनी मिळून. पुढे कैसरियाच्या बॅसिलने एकांतवासींना एक बिनतोड सवाल केला. येशूने शिष्यांचे पाय धुतले. तुम्ही एकटे राहिलात तर पाय धुणार कोणाचे? सहाव्या शतकात बेनेडिक्टच्या नियमावलीने तडजोड काढली. एकांत हवा तर घ्या, पण आधी मठात, माणसांच्या गराड्यात, वर्षानुवर्षं मुरून मग.

मठात मुरण्याची सोय झाली, मैत्रीची मात्र झाली नाही. कितीतरी मठांत आणि सेमिनरींत दोघांची ‘खास मैत्री’ हा दोष मानला जाई आणि तो विचार विसाव्या शतकापर्यंत टिकला. सगळ्यांवर सारखं प्रेम करा, कोणा एकावर नको. कागदावर हे उदात्त दिसतं. प्रत्यक्षात सगळ्यांवर सारखं प्रेम करणारा माणूस पुष्कळदा कोणाच्याच जवळ जात नाही. बाराव्या शतकात यॉर्कशरमधल्या रिव्हो मठाचा प्रमुख एलरेड याने याविरुद्ध मैत्रीवर एक छोटा संवादग्रंथ लिहिला. मित्र पारखून घ्यावा, मग त्याच्यापासून काही लपवू नये, आणि अशा मैत्रीत देव तिसरा असतो, असं त्याचं म्हणणं. संत ऑगस्टीनने त्याच्या कितीतरी आधी तरुणपणीच्या एका मित्राच्या मरणाचं दुःख असं लिहिलं की ते आजही अंगावर येतं. आठवणींनी भरलेल्या आपल्या गावात राहणं अशक्य होऊन तो कार्थेजला निघून गेला होता. मित्राचं नाव मात्र त्याने कुठेच दिलेलं नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वळणाने आला. इथे ख्रिस्ती होणं म्हणजे बहुतेकांसाठी आधी असलेली सगळी सोबत एका दिवसात गमावणं. पंगत गेली, भजनाची बैठक गेली, माहेर गेलं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई साडेचार-पाच वर्षं नवऱ्यापासून तुटल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येतं ते त्यांच्या सांगण्याच्या धाटणीमुळे. प्रसंग हसण्यासारखे नाहीत. नवरा जिवंत असून संसार नाही, आणि लोकांच्या नजरेत धड सवाष्ण नाही की विधवाही नाही. पुढे त्या टिळकांकडे आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपलं सोवळं त्यांनी काही काळ वेगळं सांभाळलं, ते हळूहळू गळालं, आणि १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराच्या कथा प्रकाशाच्या एका झोताने सांगायची मिशनऱ्यांची रीत होती. लक्ष्मीबाईंची कथा तशी नाही. त्यात आधी माणूस माणसाच्या घरी परत येतो, एका छपराखाली दोन चुली चालतात, आणि श्रद्धा नंतर येते.

टिळकांना स्वतःला हा तुटलेपणा शेवटपर्यंत सलत राहिला. मिशनच्या कंपाउंडमध्ये राहणारा, मिशनच्या पगारावर जगणारा, इंग्रजी चालीवर गाणारा मराठी ख्रिस्ती आपल्याच गावात परका होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. उपासनेसाठी त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन घेतलं ते केवळ काव्यप्रेमातून नव्हे. गेलेली भजनाची बैठक परत आणायची होती. १९१७मध्ये, मिशनची नोकरी सोडून, साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येशूला गुरू मानणाऱ्या कोणालाही तिथे यायची मुभा होती, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. चर्चच्या दृष्टीने हे धाडस होतं. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. कल्पना फसली असं म्हणता येईल. पण मंडळीची वेस कुठे आखायची हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजात इतक्या थेटपणे पुन्हा फारसा कोणी विचारला नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून एकाकी. १८७४च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर त्या पायी देशभर फिरल्या, तोही १८८०मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२मध्ये पतीही पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वाँटेजच्या जोगिणींकडे, म्हणजे अँग्लिकन धर्मभगिनींकडे. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. परक्या देशात मैत्रिणीचं असं मरण पाहिलेल्या रमाबाईंनी त्यानंतर काही काळातच बाप्तिस्मा घेतला.

त्यांना ख्रिस्ती धर्माकडे ओढणारी एक गोष्ट त्यांनीच नोंदवून ठेवली आहे. लंडनमधल्या फुलहॅम भागात त्या जोगिणींचं एक घर होतं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत आणि त्यांची शुश्रूषा करत. अशा बायकांवर कोणी दया करावी, हे रमाबाईंनी तोवर पाहिलं नव्हतं. कारण विचारल्यावर त्यांना येशूची आणि विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची कथा सांगितली गेली. ती बाई भर दुपारी एकटी पाण्याला येते. अनेक वाचकांच्या मते, गावातल्या बायकांची वेळ तिला टाळायची होती. येशू तिच्याकडे पाणी मागतो, म्हणजे स्वतः गरजवंत होऊन संवाद सुरू करतो.

मायदेशी परतल्यावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. १८९३मध्ये मुली ख्रिस्ती होतील या भीतीने वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागारपदावरून दूर झाले. दुसरीकडे वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन, ज्यांना छोटी मनोरमा ‘आजीबाई’ म्हणे, त्यांच्याशी धर्मसिद्धांतावरून पत्रांतून खडाजंगी चालूच होती. हिंदू पुण्याला त्या परक्या आणि अँग्लिकन इंग्लंडला हट्टी. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपाशी मुली-विधवा घेऊन केडगावला आल्या, १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, आणि मुक्ती मिशनमध्ये सुमारे दोन हजार जणी राहू लागल्या. दोन हजारांच्या गर्दीत माणूस हरवणं सोपं. म्हणून वाट चुकलेल्या ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, म्हाताऱ्या-दुबळ्यांसाठी प्रीतिसदन अशी वेगळी घरं केली गेली. शेती, विणकाम, छापखाना, सगळीकडे बायकाच. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळेही तिथल्या बायकांनीच जुळवले. मनोरमा १९२१मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ला. जिचं घर चार वेळा रिकामं झालं तिने दोन हजारांचं घर चालवलं, हे वाक्य भाषणात शोभतं. केडगावात मात्र त्याचा अर्थ रोजच्या स्वयंपाकाचा, भांडणांचा आणि खरूज-नायट्याच्या औषधाचा होता.

मोठ्या गर्दीतून छोटी माणसं कशी वेगळी ओळखायची, यावरचा सर्वांत व्यवहारी तोडगा अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सापडला, तोही कर्जफेडीच्या निमित्ताने. १७४२मध्ये ब्रिस्टलच्या मेथडिस्ट सभागृहावर कर्ज होतं. ठरलं असं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि बाराएक जणांमागे एकाने ती गोळा करायची. जो देऊ शकत नाही त्याची गोळा करणाऱ्याने भरायची. पेनी मागायला माणूस दर आठवड्याला घरोघरी जाऊ लागला आणि त्याला दिसू लागलं की अमक्याकडे चूल पेटलेली नाही, तमक्याने पुन्हा दारू धरली आहे, तिसरीचं मूल आजारी आहे. मेथडिस्टांचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने हे हेरलं आणि या वसुलीच्या गटांनाच मेथडिस्ट चळवळीचा कणा केलं. दर आठवड्याला बाराएक जण बसणार, एकमेकांना विचारणार, तुझं कसं चाललंय. इंग्लंडच्या खाणकामगार आणि गिरणी वस्त्यांत ही चळवळ पसरली ती वेस्लीच्या प्रवचनांनी जितकी, तितकीच या पेनीने. आपल्याकडच्या भिशीत ज्यांनी एकमेकींचे संसार सावरलेले पाहिलेत त्यांना हे नवल वाटणार नाही.

आधुनिक संशोधनाने वेस्लीची बाजू चमत्कारिक रीतीने उचलून धरली आहे. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ८९,७०८ परिचारिकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांत आत्महत्येचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांच्या सुमारे एकपंचमांश होतं. श्रद्धाळू लोकांनी हा निष्कर्ष आनंदाने मिरवला. पण चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम यांचा २०१०चा अभ्यास त्यांनी वाचलेला नसावा. धार्मिक लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी का असतात, हे त्यांनी तपासलं. उत्तर मिळालं, चर्चमध्ये असलेले मित्र. जे नेमाने चर्चला जातात पण ज्यांचा तिथे एकही जवळचा मित्र नाही, ते न जाणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी नव्हते. म्हणजे उपासना चालू असताना बाकावर शेजारी बसलेल्या माणसाचं नाव ठाऊक नसेल, तर निदान या बाबतीत घरी झोपून राहण्यात आणि येण्यात फरक नाही.

हा निष्कर्ष पाळकांना झोंबणारा आहे. मोठ्या शहरांतल्या मंडळ्यांत तीनशे माणसं येतात, गातात, आशीर्वाद घेतात आणि पार्किंगमधून गाडी काढून निघून जातात.

ख्रिस्ती सोबतीची काळी बाजूही इथेच मांडायला हवी, नाहीतर हा आढावा वर्धापनदिनाचा वृत्तान्त होईल. पहिल्या शतकातच करिंथच्या मंडळीत सहभोजनाची लाज गेली होती. श्रीमंत आधी येऊन खाऊन-पिऊन तर्र होत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यावर त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. आपल्याकडे ‘प्रीतिभोजन’ हा शब्द ख्रिस्ती कार्यक्रमपत्रिकेवर असतो, पण जात पंगतीतून सहजासहजी गेली नाही. गोव्यातल्या चर्चच्या कोन्फ्रारियांत, म्हणजे बंधुमंडळांत, कोणत्या जातीने कोणता झगा घालायचा आणि कोणतं फेस्त कोणी साजरं करायचं यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालली. एका कपातून प्रभुभोजन घेणारी माणसं सोयरीक जुळवताना मात्र आपली जात विसरली नाहीत.

आणि मग ज्याँ व्हॅनिए. १९६४मध्ये या माणसाने फ्रान्समधल्या त्रोली-ब्रुई गावात मतिमंद म्हणून संस्थांत डांबलेल्या दोघांना आपल्या घरी राहायला आणलं. त्यातून ‘लार्श’ नावाच्या घरांचं जाळं अनेक देशांत पसरलं. या घरांत सेवक आणि रुग्ण असा भेद न मानता सगळे एकत्र राहतात. लेखक-धर्मगुरू हेन्री नौवेन हार्वर्डची प्राध्यापकी सोडून १९८६मध्ये टोरँटोजवळच्या अशाच घरात गेले. तिथे त्यांच्याकडे काम आलं ते बोलू न शकणाऱ्या एका तरुणाला रोज सकाळी आंघोळ घालून न्याहारी भरवण्याचं. त्या तरुणाने आपल्याला बदललं असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. पण व्हॅनिएंच्या मृत्यूनंतर, २०२०मध्ये, लार्शनेच करवलेल्या चौकशीतून असं पुढे आलं की त्यांनी अध्यात्माच्या आडून किमान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. जवळीक, विश्वास, आत्मा उघडा करणं, हेच शब्द शोषणाची हत्यारं बनले होते. संस्थेने हा अहवाल स्वतः जाहीर केला, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. तरी धडा कठीण आहे. जिथे माणसं खरोखर एकमेकांपुढे मोकळी होतात तिथेच त्यांना दुखावणं सर्वांत सोपं असतं.

जर्मन धर्मशास्त्री डीट्रिख बोनहोफर यांना हे वेगळ्या अंगाने कळलं होतं. नाझी राजवटीला न जुमानणाऱ्या चर्चच्या तरुण पाळकांसाठी १९३५मध्ये त्यांनी फिंकनवाल्डे इथे सेमिनरी चालवली. सगळे एकत्र राहात, प्रार्थना करत, पियानो वाजवत, एकमेकांपुढे चुका कबूल करत. १९३७मध्ये गेस्टापोने ती बंद केली. त्या अनुभवावर पुढच्या वर्षी त्यांनी लिहिलेल्या छोट्या पुस्तकातला रोख अनपेक्षित आहे. आदर्श सहजीवनाचं स्वप्न उराशी धरून जो येतो तोच सहजीवन मोडतो, असं ते सांगतात. त्याला समोरची माणसं दिसत नाहीत, आपलं स्वप्नच दिसतं. आणि ज्याला एकटं राहता येत नाही त्याने माणसांच्या कळपात शिरण्यापासूनही सावध राहावं. एप्रिल १९४३मध्ये अटक झाल्यावर बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून त्यांनी मित्र एबरहार्ड बेथगे यांना पत्रं लिहिली. भेटीला येण्यात आप्तांचा हक्क मानला जातो, मित्राचा नाही, याचीही त्यांत चर्चा आहे. कायद्याच्या कोणत्याच रकान्यात मैत्री बसत नाही, हे तुरुंगात जितकं लख्ख दिसतं तितकं बाहेर दिसत नाही. आजही रुग्णालयात आयसीयूच्या दारावर ‘नातं काय?’ असं विचारतात तेव्हा ‘मित्र’ हे उत्तर सहसा पुरत नाही.

बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ला फाशी झाली. त्यानंतर आठ वर्षांनी लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूने चर्चच्या तळघरातून एक टेलिफोन सुरू केला. त्यामागे जुनी जखम होती. १९३५मध्ये त्यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीचा दफनविधी केला होता. मासिक पाळी सुरू झाली हे न कळल्याने आपल्याला घाणेरडा रोग झाला असं समजून तिने जीव दिला होता. विचारायला कोणी असतं तर ती वाचली असती. नोव्हेंबर १९५३मध्ये फोन सुरू झाला आणि लोक प्रत्यक्षही येऊ लागले. वारा आत एकेकाशी बोलत. बाहेर रांगेतल्यांना चहा देऊन गप्पा मारायला काही स्वयंसेवक बसवले होते. थोड्याच दिवसांत वारांच्या लक्षात आलं की चहा पिऊन, स्वयंसेवकांशी बोलून, बरेच जण आत न येताच हलके होऊन निघून जातात. काही महिन्यांत त्यांनी काम स्वयंसेवकांकडे सोपवलं. ‘समारिटन्स’ नावाने ओळखली जाणारी ही सेवा पुढे धर्मनिरपेक्ष झाली, जगभर तिची भावंडं झाली आणि मुंबईतही त्या नावाची हेल्पलाइन आहे. धर्मगुरूच्या पांडित्यापेक्षा चहावाल्याचं ऐकून घेणं जास्त कामी आलं, आणि धर्मगुरूने ते मोठ्या मनाने मान्य केलं.

कूड, मुक्ती, पेनीचे गट, चहाची रांग यांतली कोणतीही गोष्ट ‘एकटेपणा हटवा’ अशी घोषणा देत जन्मली नाही. कर्ज फेडायचं होतं, झोपायला जागा हवी होती, दुष्काळातल्या पोरींना जेवू घालायचं होतं. सोबत त्यातून आपोआप उगवली. सोबतीसाठी म्हणून भरवलेल्या मेळाव्यात ती सहसा उगवत नाही. तिथे नाव लिहिलेला स्टिकर छातीवर लावतात आणि लोक घड्याळ बघतात.

गोव्यात जुन्या घरांना ‘बाल्कांव’ असतो. दारापुढे दोन बाजूंना सिमेंटची बाकं, रस्त्याकडे तोंड करून. संध्याकाळी तिथे बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचं, हा त्याचा उपयोग. गावच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादाईन ही सामूहिक प्रार्थना म्हणायची आणि मग उकडलेले चणे व फेणीचा घोट वाटायचा, हा त्याचाच सार्वजनिक अवतार. आता कितीतरी बाल्कांव रिकामे आहेत. मुलं आखातात, लिस्बनमध्ये किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला, जिथे गोवेकरांची मोठी वस्ती झाली आहे. आई-वडील मोबाईलवर मास बघतात. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीने चर्च बंद केले तेव्हा पडद्यावरच्या उपासनेची सवय लागली आणि म्हाताऱ्या-आजाऱ्यांना ती सोय खरंच आहे. पण पडद्यावरचा पाद्री तुमची जागा रिकामी आहे का हे पाहू शकत नाही. खाली दिसणारा प्रेक्षकांचा आकडा ३१२चा ३११ झाला तर कोणाच्या पोटात कालवत नाही.

ही मोजणी बायबलमध्ये सगळीकडे आहे. शंभरांतलं एक मेंढरू कमी आहे हे मेंढपाळाला कळतं, कारण तो रोज मोजतो. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी थोमा नव्हता, हे बाकीच्यांच्या लक्षात राहिलं. त्यांनी त्याला शोधून सांगितलं आणि पुढच्या आठवड्याला तो त्यांच्यात होता. या मोजणीचं सर्वांत उघडंवाघडं उदाहरण परंपरेने पौलाच्या नावावर असलेल्या एका पत्राच्या शेवटी येतं. तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, कैदेतून. आयुष्यभर धर्मसिद्धांत लढवलेला म्हातारा शेवटच्या ओळींत हजेरी घ्यायला बसतो. देमास सोडून थेस्सलनीकाला गेला. क्रेस्केस गलतीयाला, तीत दालमतीयाला. जवळ एकटा लूक. येताना मार्कला घेऊन ये, असं तो लिहितो. हा तोच मार्क, ज्याच्यावरून पूर्वी पौलाचं बर्णबाशी इतकं बिनसलं होतं की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. त्रोवसला कार्पाच्या घरी राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. आणि जमलं तर हिवाळ्याआधी ये.

तीमथ्य वेळेत पोचला की नाही, हे बायबलमध्ये लिहिलेलं नाही.